अजाणता घडलेली हिंसा आणि रक्षणाचा विचार

श्रीचक्रधरस्वामींनी जीवोद्धाराचा जो मार्ग निरूपिला त्यात अहिंसेस पायाचे स्थान आहे, हे पंथीयांस नव्याने सांगावयास नको. पाणी गाळून घ्यावे, पाऊल पाहून टाकावे, कायेने, वाचेने वा मनाने कोणत्याही जीवास पीडा देऊ नये, हा आचार अनुसरलेल्या भिक्षूच्या आणि बऱ्याच अंशी वासनिकाच्याही अंगवळणी पडलेला असतो. परंतु आचार अंगवळणी पडला म्हणजे त्यामागील विचार मंद होण्याचे भय असते. ‘आपल्या हातून कोणी मरत नाही’ एवढ्यावर साधकाचे मन संतुष्ट होते. हे समाधान कितपत खरे आहे, याची परीक्षा पाहणारा एक प्रसंग गेल्या तीस-पस्तीस वर्षांत याच देशात घडून गेला आहे. तो शास्त्राच्या प्रकाशात पाहिला तर अहिंसेच्या अर्थाची एक बाजू अधिक स्पष्ट होते.

तत्पूर्वी लीळाचरित्रातील सशाच्या लीळेचे स्मरण करावे. पारध्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा स्वामींच्या आश्रयास येतो आणि जानूखाली दडतो. पारधी मागोमाग येतात, ससा मागतात. स्वामी तो देत नाहीत. ते पारध्यांशी बोलतात, त्यांचे मन वळवितात, आणि ते निघून गेल्यावर सशास मोकळे करतात. या लीळेचे निरूपण करताना शरणागताचे रक्षण, परमेश्वराची कृपाळुता आणि वाणीचे सामर्थ्य यांवर भर दिला जातो व तो यथार्थच आहे. पण आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सशास मारण्याचा विचार स्वामींच्या ठायी असणे शक्यच नव्हते. अहिंसा म्हणजे केवळ न मारणे असती तर तेथे काही करण्याचेच कारण नव्हते. जानू उचलली असती आणि पुढचे पारध्यांचे कर्म पारध्यांवर सोडले असते तरी ‘मारले’ असे कोणास म्हणता आले नसते. स्वामींनी तसे केले नाही. त्याचबरोबर पारध्यांवर हातही उगारला नाही. न मारणे आणि मरू न देणे या दोहोंमध्ये अंतर आहे, आणि ते अंतर पीडा न देता कसे ओलांडावे याचा वस्तुपाठ त्या लीळेत आहे.

आता प्रस्तुत प्रसंग. गिधाड हा पक्षी साहित्यात आणि लोकांच्या बोलण्यात नेहमीच निंदेचा विषय झालेला आहे. लोभी मनुष्यास गिधाड म्हणतात, आपत्तीत लाभ शोधणाऱ्यास गिधाड म्हणतात. ही निंदा विचाराने केलेली नाही. वाघ, ससाणा, बगळा हे सर्व जिवंत प्राण्यास मारून आपले पोट भरतात. गिधाड सामान्यतः कोणास मारीत नाही. जे आपल्या आयुष्याच्या अंतास पोहोचून पडले तेच तो खातो. मांसाहारी प्राण्यांमध्ये हिंसेवाचून जगणारा असा देह विरळा, आणि त्यासच मनुष्याने अमंगळ ठरवावे हे नवल आहे. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की, सडलेल्या मांसातील कित्येक रोगजंतू त्यात नष्ट होतात. गावाबाहेर टाकलेल्या बैलाचे मढे गिधाडांचा थवा थोड्या वेळात हाडांपर्यंत स्वच्छ करीत असे आणि त्याचा वासही गावात येत नसे. ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांनी हे दृश्य पाहिलेले आहे. त्यांच्या नातवंडांनी ते पाहिलेले नाही.

१९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीचे गिधाड हे मोठ्या शिकारी वर्गाच्या पक्ष्यांमध्ये बहुधा जगात सर्वांत अधिक संख्येने असलेले मानले जाई. १९९० नंतर ही संख्या कोसळू लागली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ती घट नोंदविली. झाडांवर माना खाली घालून बसलेली गिधाडे, मग झाडाखाली पडलेली गिधाडे, मग रिकामी घरटी, असा तो क्रम होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची गिधाडे मिळून शेकडा तीनच राहिली. कोणी त्यांची शिकार केली नव्हती. जंगल तुटले, अन्न कमी झाले, साथ आली, असे अनेक तर्क झाले. खरे कारण २००४ साली उघड झाले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेली गिधाडे तपासली, तेव्हा त्यांच्या आतड्यांवर, काळजावर, मूत्रपिंडांवर पांढऱ्या खडूसारखा थर आढळला. तो यूरिक आम्लाचा थर होता. मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे शरीरातील मळ बाहेर न पडता असा आतच साचतो. हे घडविणारे द्रव्य म्हणजे डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध.

हे औषध गुरांना का देत, हा या प्रसंगाचा मर्मभाग आहे. बैल लंगडू लागला, गाय विऊन आजारली, म्हातारे जनावर उठेनासे झाले, की त्यास वेदना होऊ नयेत म्हणून शेतकरी ते टोचून घेत असे. औषध स्वस्त होते, गुण लवकर येई. काही जनावरे बरी होत, काही मरत. मेलेली गुरे नेहमीप्रमाणे गावाबाहेर टाकली जात आणि गिधाडे त्यांवर उतरत. मेलेल्या गुराच्या शरीरात राहिलेला औषधाचा अत्यल्प अंशही गिधाडास काही दिवसांत मारावयास पुरेसा होता. येथे पारधी नाही, कुत्रे नाहीत, धनुष्य नाही. गाईविषयीच्या दयेतूनच लक्षावधी पक्षी मेले. मनुष्याच्या हातून झालेल्या हिंसेचा इतिहास मोठा आहे, पण करुणेच्या हाताने इतका मोठा संहार झाल्याचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

येथे प्रथम शंका अशी येईल की, ज्या कर्मात मारण्याचा संकल्प नाही, किंबहुना ज्यात दया आहे, ते हिंसा कसे म्हणावे? शेतकऱ्यास गिधाडाचे ज्ञान नव्हते, औषध बनविणाऱ्यासही नव्हते. उत्तर असे की, अज्ञानकाळी घडलेल्या कर्माचा भार आणि ज्ञान झाल्यावर चालू ठेवलेल्या कर्माचा भार सारखा असू शकत नाही. २००४ पूर्वीच्या शेतकऱ्यास कोणी दोष देऊ नये. परंतु पाणी गाळण्याचा आचार तरी कशासाठी आहे? पाण्यातील सूक्ष्म जीव मारावा असा संकल्प पाणी पिणाऱ्याचा कधीच नसतो. तरीही गाळून घे असे सांगितले जाते, कारण न पाहिल्यामुळे होणारी हिंसा टाळणे हेही साधकाचे कर्तव्य आहे. नजरेच्या टप्प्याबाहेर काय घडते ते पाहण्याचा प्रयत्न करणे, हा गाळण्याच्या वस्त्राचाच विस्तार होय.

दुसरी शंका अधिक खोल असून पंथातील विचारवंताच्या मनात ती अवश्य उठेल. जीव नित्य आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादि आहेत. गिधाडाचा देह गेला तरी त्या देहातील जीव नाश पावत नाही, तो कर्मानुसार अन्य योनीत जातो. मग गिधाड ही जात उरली काय आणि गेली काय, त्यात जीवाचे काय गेले? प्रपंच तर अचेतन आहे. त्यात एक आकार कमी झाला तर ज्ञानी पुरुषाने शोक का करावा?

ही शंका वरवर सिद्धांतास धरून दिसते, पण तिचा शेवट कोठे होतो ते पाहावे. जीव नित्य असल्यामुळे देहाचा घात हा हानी नव्हे असे एकदा मान्य केले, तर सशाचे रक्षण तरी का करावे? त्या सशातील जीवही नित्यच होता. किंबहुना अहिंसेचा सर्व आचारच निरर्थक ठरेल, कारण कोणत्याही हिंसेत जीव मरत नाही, देहच पडतो. म्हणजे ही शंका सिद्धांताचा एक भाग धरून दुसरा सोडते. जन्मांधांनी हत्ती चाचपावा तसे हे होते. ज्याच्या हाती पाय आला त्यास तो खांबासारखा वाटतो, आणि त्यात तो खोटे बोलतो असेही नाही. हिंसेचा दोष जीवाच्या नाशात नसून त्याला दिलेल्या दुःखात आहे, आणि दुःख देणाऱ्याच्या चित्तात जी कठोरता वा बेफिकिरी राहते तिच्यात आहे. देहधारी जीव दुःख भोगतो, मूत्रपिंडे निकामी झालेला पक्षी दिवसेंदिवस मान टाकून बसतो. नित्यत्वाचा सिद्धांत दुःख पाहणाऱ्यास धीर देण्यासाठी आहे, दुःख देणाऱ्यास मोकळीक देण्यासाठी नाही.

शिवाय एका जातीचा लोप तेवढ्यावर थांबत नाही. गिधाडे गेली आणि मढी तेथेच राहिली. ती उंदरांनी आणि मोकाट कुत्र्यांनी खाल्ली, आणि कुत्र्यांची संख्या वाढली. कुत्रा सडलेले मांस खातो, पण त्यातील रोग गिधाडासारखा पचवीत नाही. तो रोग घेऊन गावात येतो. कुत्र्यांबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्याचे भय वाढले, आणि पाणवठ्याजवळ पडलेल्या मढ्यांनी पाणी दूषित केले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जेथे पूर्वी गिधाडे विपुल होती त्या जिल्ह्यांतील मृत्यूंची तुलना इतर जिल्ह्यांशी केली. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावामुळे सुमारे पाच लक्ष माणसे अधिक मेली असा त्यांचा हिशेब आहे. गिधाडास अमंगळ म्हणणाऱ्या गावांनी त्याच्या अभावाची किंमत आपल्या मुलामाणसांच्या प्राणांनी दिली. मुंबईतील पारशी समाजाच्या दोखम्यांत, जेथे मृत देह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची परंपरा, तेथे सूर्यकिरण एकत्र करणारी उपकरणे बसवावी लागली. एका धर्मसमाजाचा शतकानुशतकांचा अंत्यविधी एका औषधाच्या कुपीने विस्कळीत झाला.

याच ठिकाणी आणखी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इतका संहार होण्यास किती गुरे विषारी असावी लागली? शास्त्रज्ञांच्या गणिताने, हजार मढ्यांपैकी एक ते आठ मढ्यांत जरी हे औषध असले तरी एवढी घट घडून येते. म्हणजे नऊशे नव्वदांहून अधिक शेतकऱ्यांनी काहीच केले नसताही उरलेल्या चार-सहांनी हे होऊ शकते. ‘एकट्या मनुष्याच्या कृत्याने काय बिघडते?’ असे ज्यास वाटते त्याने हे गणित पुनःपुन्हा वाचावे. गिधाडे दूरवरून एकाच मढ्यावर थव्याने उतरतात, म्हणून एक विषारी मढे अनेक पक्ष्यांस पुरते. आणि गिधाडाची मादी वर्षास एकच अंडे घालते, पिल्लू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. पंधरा वर्षांत गेलेले पंधरा वर्षांत परत येत नाही.

‘सृष्टी आपले आपण सावरते, मनुष्याने हात लावू नये’ असे म्हणणाऱ्यांचा एक पक्ष आहे आणि वैराग्यशील मनास तो रुचतो. सृष्टीत मनुष्याचा हात गेलाच नसता तर हा पक्ष मान्य करता आला असता. येथे हात आधीच गेलेला आहे आणि विष दुकानात ठेवलेले आहे. अशा वेळी स्वस्थ बसणे म्हणजे पारधी येत असता जानू उचलणे होय. पुढे जे झाले ते मनुष्याने विचारपूर्वक केले म्हणूनच झाले. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठीचे हे औषध बंद करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी मेलोक्सिकॅम नावाचे दुसरे वेदनाशामक गिधाडांस अपाय करीत नाही असे सिद्ध झाले, म्हणजे गाईची वेदना आणि गिधाडाचा प्राण यांत निवड करण्याची वेळ शेतकऱ्यावर उरली नाही. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात असल्याचे दिसून आल्यावर २०१५ साली त्या कुप्यांचे माप लहान करण्यात आले. असाच अपाय करणारी केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक ही औषधे २०२३ साली गुरांसाठी बंद झाली. हरियाणात पिंजोर येथे जटायूचे नाव दिलेल्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते, आणि तेथून आणलेली काही गिधाडे २०२४ साली विदर्भातील ताडोबा आणि पेंच येथील वनांत काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून मग सोडण्यात आली. गडचिरोलीच्या वनांत मेलेली गुरे ठराविक जागी टाकून गिधाडांना निर्धोक अन्न मिळेल अशी व्यवस्था वनखात्याने केलेली आहे.

आता एक अडचण, जी टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पैदास केंद्रात ठेवलेल्या गिधाडांना खावयास बकऱ्यांचे मांस द्यावे लागते, आणि त्या बकऱ्या त्यासाठी मारल्या जातात. त्यांच्या शरीरात औषधाचा अंश नसावा म्हणून मारण्यापूर्वी त्यांना काही दिवस राखून ठेवतात. गिधाड वाचावे म्हणून बकरी मरते. अहिंसाव्रती पुरुषाने यास संमती द्यावी काय? काही जण म्हणतील, मोठ्या हितासाठी थोडी हिंसा क्षम्य आहे. असा हिशेब राजाच्या दरबारी चालेल, महानुभावाच्या आचारात तो चालत नाही. बकरीतील जीव आणि गिधाडातील जीव यांस तराजूत घालण्याचा अधिकार साधकास दिलेला नाही. तेव्हा त्या कर्मात साधकाचा सहभाग असू शकत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पण एवढे म्हणून सुटका होत नाही, कारण ही अडचण का उत्पन्न झाली हे पाहिले पाहिजे. गिधाडे मोकळ्या आकाशात होती तेव्हा त्यांच्यासाठी एकही बकरी मारावी लागत नव्हती. ती आपोआप मेलेल्या देहांवर जगत होती. रक्षण वेळेवर झाले नाही म्हणून दुरुस्ती करावी लागली, आणि दुरुस्तीत हिंसा शिरली. नद्या, तळी, वने, कुरणे यांच्या बाबतीतही असेच घडत आलेले आहे. जे आहे ते राखण्यास पीडा लागत नाही, थोडा संयम लागतो. जे गेले ते पुन्हा आणावयाचे तर पिंजरे, सक्ती आणि कोणाचे तरी प्राण लागतात. म्हणून अहिंसाव्रतीचे खरे क्षेत्र दुरुस्तीच्या अलीकडे आहे. ज्यास बकरीचे मरण सहन होत नाही त्याने गिधाडाचे रक्षण अधिक आधी आणि अधिक आवेशाने केले पाहिजे. पैदास केंद्राकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याचा अधिकार त्यास नाही.

शेवटची शंका अधिकाराची. ज्याने अनुसरण घेतले, ज्याचे नित्यविधी अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण हे आहेत, त्याने औषधांच्या आणि पक्ष्यांच्या व्यवस्थेत का पडावे? ही शंका यथार्थ आहे. भिक्षूने कायदे करण्यात वा केंद्रे चालविण्यात गुंतू नये, ते त्याचे कर्म नव्हे. परंतु भिक्षू गावोगाव हिंडतो, वासनिकांच्या दारी उभा राहतो, आणि त्याच्या शब्दास तेथे जे वजन आहे ते सरकारी पत्रकास नाही. पारध्यांशी स्वामी बोलले. बोलणे हे साधन त्या लीळेत आहे आणि ते निवृत्तीच्या आड आले नाही. जेथे अहिंसेचे निरूपण होते तेथे डायक्लोफेनॅकचे नाव घेतल्याने निरूपणास उणेपणा येत नाही.

वासनिकाचे काम याहून प्रत्यक्ष आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील वासनिकांत शेतकरी पुष्कळ आहेत आणि त्यांच्या दावणीस गुरे आहेत. जनावर आजारी पडले म्हणजे घाईत, बहुधा रात्री, जवळच्या दुकानातून जे मिळेल ते आणले जाते. माणसासाठीचे लहान कुपीतील औषध आजही दुकानात असते आणि अनेक कुप्या एकदम टोचल्या की मोठ्या कुपीचे काम होते. बंदी कागदावर राहते ती येथे. पशुवैद्यास मेलोक्सिकॅम मागावे, माणसाचे औषध जनावरास देऊ नये, आणि वेदनाशामक टोचल्यावर थोड्या दिवसांत मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. ज्या जनावरास काही टोचलेले नाही ते मात्र पुरण्याची घाई करू नये. कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडे सह्याद्रीत आणि विदर्भात अद्याप काही ठिकाणी आहेत, आणि मढे कोठे पडले ते त्यांना आकाशातून दिसते.